हंटिंग लायसनच्या पैशावर जंगल कसं चालतं? पेन्सिल्व्हेनियाबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की आम्ही दोन-तीन मराठी कुटुंबं पहाटे गाड्या काढून मिडल क्रीकला जातो. लँकेस्टर आणि लेबनन काउंटीच्या सीमेवर हे तळं आहे, उत्तरेकडे परत निघालेले स्नो गूज म्हणजे पांढरे शुभ्र रानहंस तिथे उतरतात आणि चांगल्या वर्षी एका वेळी लाखभर सुद्धा असतात. सूर्य वर येताना अख्खा थवा एकदम उठतो, तो आवाज छातीत जाणवतो, लहान पोरं बोलायची थांबतात. तिकीट नाही, पार्किंगला पैसे नाहीत. मग परतताना कोणीतरी विचारतंच की हे सगळं फुकट कसं काय ठेवलंय यांनी, आणि मी सांगतो की ही जागा राज्याचं गेम कमिशन, म्हणजे वन्यजीव खातं, चालवतं आणि त्यांचा खर्च मुख्यतः शिकाऱ्यांच्या पैशातून निघतो, की पुढचा तासभर गाडीत फक्त प्रश्न असतात. तेच प्रश्न इथे एकदा नीट लिहून ठेवतोय. मी स्वतः शिकार करत नाही, मांसही खात नाही, पण गेली बारा-तेरा वर्षं इथे राहतोय आणि या विषयात मनापासून गुंतलोय.

शिकाऱ्यांच्या पैशातून प्राणी वाचवायचे हे उलटं नाही का?

मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असंच वाटलं होतं. पण थोडं मागे जाऊन बघा. 1900 च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियात हरीण जवळजवळ संपलं होतं, एल्क, म्हणजे हरणाच्याच कुळातला मोठा प्राणी, तर एकही उरलं नव्हतं. जंगलं तोडून झाली होती, आणि शिकार बाजारासाठी व्हायची, म्हणजे मांस आणि कातडी रेल्वेने शहरांत जायची, कोणी किती मारावं याला काही धरबंधच नव्हता. पॅसेंजर पिजन नावाचं कबूतर एकेकाळी आकाश झाकून टाकायचं, त्याचा शेवटचा पक्षी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तेव्हा ज्यांना शिकारीची आवड होती त्याच लोकांतले काही पुढे आले आणि म्हणाले की असंच चाललं तर आपल्या मुलांना काहीच दिसणार नाही, तर विक्री बंद करा, सीझन ठरवा, मर्यादा ठरवा, आणि त्याची अंमलबजावणी करायला माणसं लागतील तर त्यांच्या पगाराचे पैसे आम्ही देतो. लायसन तिथून आलं. पेन्सिल्व्हेनियात गेम कमिशन 1895 चं, आणि राज्यातल्या रहिवाशांना लायसन सक्तीचं झालं 1913 मध्ये, फी एक डॉलर.

पण प्राणी मालकीचे कोणाचे? जमीनमालकाचे की सरकारचे?

दोघांचेही नाहीत, लोकांचे. सरकार फक्त विश्वस्त. युरोपात जुन्या काळी शिकार राजाची आणि जमीनदाराची असायची, इथे ती कल्पना मोडली गेली, 1842 च्या मार्टिन विरुद्ध वॉडेल या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हा धागा सांगतात. म्हणजे तुमच्या शेतात हरीण आलं म्हणून ते तुमचं होत नाही. आणि पक्षी-प्राण्यांचं बरंचसं काम राज्याकडे आहे, केंद्राकडे स्थलांतरित पक्षी, धोक्यातल्या प्रजाती वगैरे. म्हणून दर राज्याचे सीझन वेगळे, फी वेगळी, नियम वेगळे, न्यू जर्सीचं लायसन घेऊन डेलावेअर नदी ओलांडली की ते चालत नाही.

मग राज्य साध्या टॅक्समधून का देत नाही पैसे?

पेन्सिल्व्हेनियात गेम कमिशनला राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून पैसे मिळत नाहीत. आपण जो इन्कम टॅक्स, सेल्स टॅक्स भरतो त्यातलं काही तिकडे जात नाही. हे मी सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. इतर राज्यांत थोडंफार वेगळं असतं पण देशभरातल्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा हिशोब एकत्र केला तर साधारण 60 टक्के पैसा शिकार आणि मासेमारीशी जोडलेला असतो, लायसन आणि सामानावरचा टॅक्स मिळून.

याची एक चांगली बाजू आहे जी मला नंतर कळली. राज्याचं बजेट तुटीत गेलं की सगळ्यात आधी कात्री कशाला लागते? शाळा आणि हॉस्पिटलसमोर वटवाघळांचा सर्व्हे कोण वाचवणार. स्वतःचा वेगळा पैसा असला की निदान दरवर्षी हात पसरावा लागत नाही.

लायसनला पैसे किती पडतात?

राज्यात राहणाऱ्या मोठ्या माणसाला साधारण 21 डॉलर, बाहेरच्या राज्यातून आलेल्याला 102 च्या आसपास. त्यावर मग वेगवेगळे परवाने, धनुष्यबाणाचा वेगळा, अस्वलाचा वेगळा, फेझंट पक्ष्याचा 2017 पासून वेगळा कारण ते पक्षी गेम कमिशन स्वतःच्या फार्मवर वाढवून सोडतं आणि तो खर्च मोठा आहे. मादी हरणाचा परवाना तर वेगळाच आणि त्याची संख्या भागाप्रमाणे ठरलेली असते. 2022 पर्यंत त्याचा अर्ज गुलाबी पाकिटात घालून काउंटी ट्रेझररला पोस्टाने पाठवायला लागायचा, आमच्या शेजारचे आजोबा जुलैत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती पाकिटं भरायचे, त्यांच्या घरात तो जवळपास सणच होता. 2023 पासून ऑनलाइन आणि दुकानात मिळायला लागलं.

फीचा आकडा गेम कमिशन स्वतः वाढवू शकत नाही, विधिमंडळ ठरवतं. साध्या लायसनची शेवटची मोठी वाढ 1999 मध्ये झाली. 1999! तेव्हापासून पेट्रोल, पगार, विमा, जमीन कशाचे भाव तेच राहिलेत सांगा. मला वाटतं ही या व्यवस्थेतली सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालेली अडचण आहे, फी वाढवायचं मत कोणत्याच आमदाराला द्यायचं नसतं.

बंदुकीवरच्या टॅक्सचं काय ऐकतो ते काय आहे?

तो पिटमन-रॉबर्टसन कायदा. नेवाडाचे सिनेटर की पिटमन आणि व्हर्जिनियाचे खासदार विलिस रॉबर्टसन यांनी मांडलेला, आणि 2 सप्टेंबर 1937 ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सही केली. मंदीचा काळ होता, शिकारीच्या बंदुका आणि गोळ्यांवर टॅक्स आधीपासून होताच पण तो जायचा केंद्राच्या तिजोरीत. या कायद्याने म्हटलं की तो पैसा वन्यजीवांसाठीच राखून ठेवायचा आणि राज्यांना वाटायचा. आज रायफल, शॉटगन आणि गोळ्यांवर 11 टक्के, पिस्तुलांवर 10 टक्के, आणि सत्तरच्या दशकापासून धनुष्यबाणाच्या सामानावर पण आहे. दुकानात पावतीवर हा टॅक्स वेगळा दिसत नाही कारण तो कारखानदार किंवा आयात करणारा भरतो.

वाटणी कशी होते ते समजून घ्या कारण इथेच लायसनची खरी गंमत आहे. मुख्य निधीतला अर्धा वाटा राज्याच्या क्षेत्रफळावर आणि अर्धा वाटा त्या राज्यात लायसन घेणारे किती आहेत त्यावर. कोणत्याच राज्याला 5 टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी नाही. आणि राज्याने 25 टक्के स्वतःचे घातले की केंद्राचे 75 टक्के येतात. ते 25 टक्के बहुतेक वेळा लायसनच्या पैशातूनच निघतात. म्हणजे एक माणूस लायसन घ्यायचा थांबला की त्याचे 21 डॉलर जातात, वर केंद्राच्या वाटणीतला राज्याचा आकडा कमी होतो, आणि जोडीला घालायचा पैसाही कमी. एकाच ठिकाणी तीन भोकं.

अलीकडच्या वर्षांत देशभरात या कायद्याखाली साधारण एक अब्ज डॉलरच्या घरात वाटप होतंय.

राज्याने हा पैसा रस्त्यांना किंवा दुसऱ्या कशाला वळवला तर?

तर केंद्राचा पैसा बंद होऊ शकतो. 1937 च्या कायद्यातच अट आहे की लायसनची फी राज्याच्या वन्यजीव खात्याशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरणार नाही असा कायदा राज्याने आधी करायचा, मगच पैसे. रॉबर्टसन स्वतः आधी व्हर्जिनियाच्या गेम खात्यात काम केलेले होते त्यामुळे त्यांना माहीत होतं की भरलेल्या डब्यावर सगळ्यांची नजर असते. माझ्या मते अख्ख्या व्यवस्थेत सगळ्यात हुशारीचं वाक्य हेच आहे. एक वाक्य, पण त्याने ऐंशीपेक्षा जास्त वर्षं पन्नास राज्यांचे पैसे जागेवर राहिले.

हा पैसा नक्की जातो कुठे?

जमीन. सगळ्यात आधी जमीन. 1920 मध्ये एल्क काउंटीत गेम कमिशनने पहिली गेम लँड विकत घेतली आणि आज अशा तीनशेच्या वर जागा मिळून 15 लाख एकरांच्या आसपास जमीन आहे. तोडून टाकलेलं, ओसाड झालेलं जंगल तेव्हा स्वस्तात मिळायचं, शंभर वर्षांत ते परत उभं राहिलं. त्यातल्या बऱ्याचशा जागेत मी आणि तुम्ही चालायला जाऊ शकतो, फक्त शिकारीच्या सीझनमध्ये नारिंगी जॅकेट आणि टोपी घाला, हे मी हात जोडून सांगतो.

मग वॉर्डन, म्हणजे बंदूक आणि अटकेचा अधिकार असलेले वनरक्षक म्हणा, एकेकाकडे केवढा तरी भाग असतो. मग जीवशास्त्रज्ञ, हरणांच्या आणि अस्वलांच्या गळ्यात कॉलर घालणारे, अस्वलाच्या गुहेत शिरून पिल्लं मोजणारे. नियंत्रित वणवा लावणं, झाडं लावणं, कुरणं राखणं. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज 2012 मध्ये राज्यात सापडला, त्यात मेंदू पोखरला जातो आणि इलाज नाही, त्याच्या तपासण्यांवर भरपूर खर्च होतो. रफ्ड ग्राउज हा राज्यपक्षी का कमी होतोय याचा अभ्यास गेम कमिशनने केला आणि वेस्ट नाईल व्हायरसचा हात असल्याचं पुढे आलं, डासाने होणारा रोग, जंगलातल्या कोंबडीएवढ्या पक्ष्याला.

आणि हे लक्षात घ्या की राज्यात चारशेपेक्षा जास्त जातींचे पक्षी आणि सस्तन प्राणी गेम कमिशनच्या जबाबदारीत येतात, त्यातल्या मूठभरांचीच शिकार होते. 2008-09 च्या हिवाळ्यात व्हाइट नोज सिंड्रोम हा बुरशीमुळे होणारा रोग आला आणि गुहांमधली वटवाघळं मरायला लागली, त्यांचं लायसन कोणी काढत नाही, पण काम याच खात्याला करावं लागतं.

लायसन आणि केंद्राच्या निधीशिवाय गेम लँडवरचं लाकूड विकून आणि जमिनीखालच्या मार्सेलस शेल या खडकातला गॅस काढायचा हक्क भाड्याने देऊन पण मोठी रक्कम येते. गॅसबद्दल माझं मन अजून स्वच्छ नाही. जंगलासाठी घेतलेल्या जमिनीखालून गॅस काढून जंगलाचा खर्च भागवायचा, आणि गॅसचा भाव पडला की काय, हा प्रश्न मला सतावतो.

एखादं उदाहरण सांगा जिथे खरंच फरक पडला.

बाल्ड ईगल. 1980 च्या सुमारास अख्ख्या पेन्सिल्व्हेनियात त्यांची तीन घरटी उरली होती, तीनही वायव्य कोपऱ्यातल्या क्रॉफर्ड काउंटीत. 1983 पासून गेम कमिशनच्या माणसांनी कॅनडाच्या सस्कॅचवानमध्ये जाऊन, उंच झाडांवर चढून, घरट्यातली पिल्लं आणली आणि ती मचाणांवर माणूस न दिसू देता वाढवली, त्यातली एक जागा सस्क्वेहाना नदीतलं हाल्डमन बेट, आमच्या हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला. 2014 मध्ये राज्याच्या धोक्यातल्या यादीतून हा पक्षी काढला, आता तीनशेच्या वर घरटी आहेत. मी ऑफिसला जाताना पुलावरून गरुड दिसतो. दर वेळी दिसला की बरं वाटतं, अजूनही.

हरणांचं पण तसंच, 1906 मध्ये मिशिगनमधून 50 हरणं विकत आणून सोडली होती, म्हणजे परिस्थिती किती वाईट असेल. एल्क 1913 पासून यलोस्टोनमधून आणले, आज बेनेझेट गावाजवळ शरद ऋतूत त्यांच्या शिट्ट्या ऐकायला कुठून कुठून लोक येतात. एकदा नक्की जा, सप्टेंबरच्या शेवटी, संध्याकाळी.

हरणं वाढलीत ना आता? मग मारायचीच कशाला, राहू देत की.

हा प्रश्न आईने पण फोनवर विचारला होता. लांडगे आणि प्यूमा इथून शंभर वर्षांपूर्वीच गेले, हरणाला खाणारं मोठं कोणी उरलेलं नाही, कोयोट आणि अस्वलं थोडी पिल्लं खातात तेवढंच. हरणं बेसुमार झाली की जंगलात खालची रोपंच उरत नाहीत, ओकची, मेपलची कोवळी झाडं साफ, राहतं फक्त नेचं, जे हरणांना आवडत नाही. मोठी झाडं वर दिसतात म्हणून जंगल छान वाटतं पण खाली पुढची पिढीच नाही. कुंपण घालून ठेवलेला एखादा तुकडा बघा, आत किर्र आणि बाहेर मोकळं, मग पटतं. शिवाय हिवाळ्यात उपाशी मरणं, आणि रस्ते. हरणांच्या अपघातात पेन्सिल्व्हेनिया देशात कायम वरच्या नंबरांत असते. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी माझ्या गाडीसमोर आलेलं हरीण लगेच मेलं नाही, मी पोलीस येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा होतो, तो अर्धा तास मी विसरलेलो नाही. त्यानंतर शिकार हा शब्द मला पूर्वीसारखा ऐकू येत नाही.

म्हणून मादी हरणांचे परवाने भागवार ठरवतात, कुठे जास्त, कुठे कमी. त्यावरून शिकाऱ्यांचंच गेम कमिशनशी कडाक्याचं भांडण झालंय, 2000 नंतर जेव्हा हरणांची संख्या मुद्दाम कमी केली तेव्हा कितीतरी जुने शिकारी चिडले होते, जंगलात हरीण दिसेनासं झालं म्हणून.

मारलेल्या हरणाचं मांस विकतात का?

नाही, रानटी हरणाचं मांस विकता येत नाही. विक्री बंद करणं हाच तर सगळ्याचा पाया. हॉटेलात हरणाचं मांस मिळतं ते फार्मवरचं, बरंचसं न्यूझीलंडहून आलेलं. इथे शिकारी घरी खातात, फ्रीझर भरतात, किंवा दान करतात. 1991 पासून पेन्सिल्व्हेनियात हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट नावाची योजना आहे, खाटिक मांस तयार करून देतो आणि ते फूड बँकेत जातं.

म्हणजे शेवटी श्रीमंतांचाच खेळ का?

साध्या लायसनच्या बाबतीत अजिबात नाही, इथे कारखान्यातला कामगार आणि सर्जन शेजारी-शेजारी मचाणावर बसतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी गावाकडच्या बऱ्याच शाळांना सुट्टी असते ती यासाठीच, सीझन सोमवारी सुरू व्हायचा म्हणून, 2019 पासून तो शनिवारवर आणला तरी अनेक ठिकाणी सुट्टी राहिलीय. एल्कचे शंभर-दीडशे टॅग, म्हणजे एकेक प्राणी मारायचे परवाने, निघतात आणि हजारो लोक अर्ज करतात, पण ती सोडत असते. काही टॅग मात्र लिलावात जातात, 2013 मध्ये मोंटानात बिगहॉर्न मेंढ्याच्या एका परवान्याला 4,80,000 डॉलर आले होते. पैसा मेंढ्यांच्याच कामाला जातो हे खरं, तरी एका लोकांच्या प्राण्याची बोली लागते हे मला खटकतं आणि खटकत राहील.

शिकारी कमी होतायत असं ऐकलं, खरंय का?

खरंय, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पेन्सिल्व्हेनियात साधारण 13 लाख लायसन विकली जायची, आता साडेआठ-नऊ लाखांच्या आसपास. जुनी पिढी थकली, शेतं विकून घरं झाली, मुलं शहरात गेली. आमच्या शेजारच्या आजोबांच्या दोन्ही नातवांना व्हिडिओ गेम आवडतो, जंगलात चार तास गप्प बसायला नाही आवडत, यात मुलांचा दोष काय. रविवारी शिकारीला बंदी एकोणिसाव्या शतकापासून होती, आठवडाभर नोकरी करणाऱ्याला फक्त शनिवार, 2019 च्या कायद्याने तीन रविवार मोकळे केले आणि 2025 मध्ये बंदी उठवली, त्यातलं एक कारण हेच.

बंदुकीचा टॅक्स मात्र वाढलाय, पण तो आज मोठ्या प्रमाणात असे लोक भरतात जे शिकार करतच नाहीत, निशाणेबाजीसाठी किंवा घरात ठेवायला बंदूक घेतात. निवडणूक आली की, भीती वाटली की विक्री वाढते. हरणांच्या आणि वटवाघळांच्या भवितव्याचा पैसा लोकांच्या भीतीवर वरखाली व्हावा हे बरोबर नाही.

पैसे देतो तोच मग सांगतो ना काय करायचं?

हो, थोडंफार असं होतं आणि झालेलं आहे. 1929 मध्ये याच गेम कमिशनने गॉसहॉक या शिकारी पक्ष्याला मारणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस लावलं, कारण तो ग्राउज आणि सशांना खातो, म्हणजे शिकाऱ्याचा वाटेकरी. मंदीच्या काळात पाच डॉलर म्हणजे केवढे! लोक डोंगराच्या कड्यावर उभे राहून शरद ऋतूत जाणारे ससाणे, गरुड सरसकट मारायचे, गॉसहॉक कोणता हे ओळखायच्या भानगडीत कोण पडतंय. 1934 मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगरच ताब्यात घेतला आणि शिकार बंद केली, तेच आजचं हॉक माउंटन. आज गॉसहॉक पेन्सिल्व्हेनियाच्या धोक्यातल्या पक्ष्यांत आहे, 2021 पासून, आणि त्याला वाचवायचं काम त्याच गेम कमिशनकडे.

खातं आता पुष्कळ बदललंय, तिथल्या शास्त्रज्ञांची भाषणं मी ऐकलीत, माणसं तळमळीची आहेत. पण पैसा एकाच गटाकडून आला की त्या गटाचं ऐकलं जाणारच. याचा इलाज शिकाऱ्यांना नावं ठेवण्यात नाही, आपण पण पैसे द्यायला लागलो तर आपलं पण ऐकलं जाईल.

शिशाच्या गोळ्यांचा प्रश्न पण आहे ना?

आहे. शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे हरणाच्या आतड्यात राहतात, शिकारी ती जंगलात टाकतो, गरुड खातो. 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या 38 राज्यांतल्या गरुडांच्या अभ्यासात जवळपास निम्म्या पक्ष्यांत दीर्घकाळच्या शिसेबाधेच्या खुणा दिसल्या. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं 1991 पासून देशभर बंद आहे. हरणांसाठी तांब्याच्या गोळ्या मिळतात. तुमचा कोणी मित्र शिकारी असेल तर त्याला एवढं नक्की सांगा, आमच्या शेजारच्या आजोबांनी बदलल्या.

दुसऱ्या राज्यांनी काही वेगळं केलंय?

मिसुरीने. 1976 मध्ये लोकांनी मतदान करून सेल्स टॅक्सवर एक अष्टमांश सेंट जास्त घेतला, म्हणजे आठ डॉलरच्या खरेदीवर एक सेंट, फक्त वन्यजीव आणि जंगलासाठी. अर्कान्सासने 1996 मध्ये तसंच केलं, मिनेसोटाने 2008 मध्ये. कोलोरॅडोत 2023 पासून गाडीच्या रजिस्ट्रेशनबरोबर पार्कचा स्वस्त पास येतो, नको असेल तर नाही म्हणायचं. केंद्रात राज्यांना दरवर्षी एक अब्ज डॉलरच्या वर देणारं विधेयक जून 2022 मध्ये प्रतिनिधीगृहात पास झालं पण सिनेटमध्ये अडकलं. दुर्बिणी, तंबू, बॅकपॅकवर बंदुकीसारखाच टॅक्स लावायचा प्रस्ताव नव्वदच्या दशकात आला होता, तोही बारगळला. मला मिसुरीचं सगळ्यात पटतं. दूध घेणारा, बूट घेणारा, सगळे देतात आणि कोणाला जाणवत नाही.

आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना लायसन मिळतं का?

मिळतं. पहिल्यांदा घेताना हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, मी केलाय, फक्त समजून घ्यायला, आणि कोणीही करावा इतका चांगला आहे. व्हिसावर असाल तर बंदुकीबाबत केंद्राचे नियम वेगळे आहेत, ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक इतिहास माहीत असू द्या. 1909 मध्ये पेन्सिल्व्हेनियाने कायदा केला होता की नागरिक नसलेल्या परदेशी रहिवाशाने शिकार करायची नाही आणि त्यासाठी बंदूकही ठेवायची नाही, रोख मुख्यतः इटालियन मजुरांवर होता. 1914 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तो कायदा उचलून धरला. आता तसं काही नाही. पण प्राणी लोकांचे म्हणताना लोक कोण हे तेव्हा किती अरुंद मोजलं होतं, ते मी कोर्समध्ये बसलो असताना सारखं आठवत होतो.

महाराष्ट्रात असं करता येईल का?

शिकारीचा भाग नाही, आणि करूही नये असं माझं मत. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, लोकवस्ती दाट, प्राणी मोजके आणि जागा तुटपुंजी. माझे काका वर्धा जिल्ह्यात शेती करतात, रानडुकरं एका रात्रीत हरभरा उलटापालटा करतात, त्यांचं दुःख मला कळतं, त्यावर कलम 11 खाली परवानगीची वेगळी वाट आहे आणि भरपाई वेळेवर मिळणं हा मोठा प्रश्न आहे.

पण पैसा राखून ठेवायची कल्पना आपल्याकडे आलेली आहे. 2006 च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान काढायची तरतूद झाली, ताडोब्याला गेटवर आपण भरतो ते पैसे त्या मार्गाने तिथेच वापरता येतात. आपल्याकडे शिकाऱ्याच्या जागी पर्यटक आहे. मग प्रश्न असा की जिथे वाघ नाही तिथल्या माळरानाला, तणमोराला, लांडग्याला पैसे कोण देणार? इथल्या वटवाघळांसारखंच आहे ते.

मला शिकार करायची नाही पण पैसे द्यायचेत. कसे देऊ?

डक स्टॅम्प घ्या. 1934 पासून निघतो, बदकांच्या शिकारीला लागतो, पण कोणीही घेऊ शकतं. 25 डॉलर, आणि त्यातले जवळजवळ सगळे म्हणजे 98 टक्के पाणथळ जागा विकत किंवा भाड्याने घ्यायला जातात, आजवर 60 लाख एकरांच्या वर जागा त्यातून राखली गेलीय. दरवर्षी त्यावर नवीन चित्र असतं. पोस्टात मिळतो, ऑनलाइन पण मिळतो, नवा स्टॅम्प जूनच्या शेवटी येतो आणि पुढच्या 30 जूनपर्यंत चालतो, तो दाखवला की प्रवेश फी असलेल्या नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजमध्ये फुकट जाता येतं. आमच्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षी सात घरांनी घेतला. या फेब्रुवारीत मिडल क्रीकला येणार असाल तर पहाटे साडेपाचला निघू, थर्मासमध्ये चहा आमच्याकडून, जाड हातमोजे मात्र ज्याचे त्याने आणा, तळ्यावर वारा फार असतो.